आधी दार, मग सिल: एमजीबीचे पत्रे बदलताना आणि जुळवताना

माझ्या एमजीबीचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा, पहिला सिल (दाराखालची पत्र्याची लांब पेटी) मी वेल्ड केला तेव्हा गाडी चार जॅक स्टँडवर उभी होती. दोन स्टँड अगदी पुढे, दोन अगदी मागे. मध्ये हात घालायला मोकळी जागा मिळावी, एवढाच विचार त्यामागे होता. जुना गंजका सिल कापून काढला, नवा बसवला, टाके मारले, ग्राइंडर फिरवला. संध्याकाळी दार लावायला गेलो तर त्याचा मागचा वरचा कोपरा मागच्या फेंडरच्या कडेवर जाऊन टेकला. बिजागऱ्या सैल करून पाहिल्या, दार वर-खाली करून पाहिलं. काही फरक पडेना, कारण दोष दारात नव्हताच. सिल कापल्याबरोबर गाडी मध्यभागी काही मिलिमीटर वाकली होती आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच मी तिला कायमची जखडून टाकली होती. सगळे टाके ड्रिलने उडवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

जुन्या गाडीचे पत्रे पहिल्यांदाच बदलायला निघालेल्या माणसाला मला ही एकच गोष्ट सांगायची आहे: वेल्डिंग हे शेवटचं काम आहे. त्याआधी अख्खी गाडी नुसत्या स्क्रूंवर आणि चिमट्यांवर उभी करून, सगळी दारं लावून, सगळ्या फटी डोळ्यांनी पाहून झाल्या पाहिजेत. मी इथे एमजीबी रोडस्टरचं उदाहरण घेतो, कारण तीच गाडी मी स्वतः उघडली आणि बांधली. पण हा क्रम अँबेसेडरलाही लागू पडतो. तिच्याही बॉडीखाली वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटी हीच तिची चासी.

गाडीचा सांगाडा कुठे आहे

एमजीबी १९६२ साली आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत राहिली. बंद छताची जीटी १९६५ मध्ये आली. दोन्ही मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. म्हणूनच इंग्लंडमध्ये नवशिक्याला ही गाडी सुचवतात: तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आजही नवा मिळतो. आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती, तिची बॉडी उचलून बाजूला ठेवता येत असे. एमजीबीत ती सोय नाही. तिच्या फरशीचा, मधल्या बोगद्याचा आणि दाराखालच्या दोन लांब पेट्यांचा मिळून एकच सांगाडा होतो.

या दाराखालच्या पेट्या म्हणजे सिल. आपल्याकडचे डेंटर त्याला नुसता 'खालचा पत्रा' म्हणून सोडून देतात, पण रोडस्टरला छत नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांशी धरून ठेवण्याचा मोठा भार या पेट्यांवरच असतो. बाहेरून दिसतो तो फक्त बाहेरचा सिल. त्याच्या आत एक उभा पडदा असतो, त्याच्याही आत आतला सिल, आणि फरशीच्या कडेखालून जाणारी एक पट्टी असते, तिला इकडे इंग्लंडमध्ये कॅसल रेल म्हणतात. हे चारही भाग मिळून पेटी होते. त्यातला एक सडला आणि बाकीचे चांगले, असं क्वचितच आढळतं.

गंज कुठून येतो हे कळलं की तो कुठे शोधायचा हेही कळतं. पुढचं चाक चिखल आणि मिठाचं पाणी मागे फेकतं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हे पाणी फार खातं. चाकामागे एक आडवा पत्रा आहे, त्याच्या कडेला रबराची पट्टी असते. रबर कुजलं की चिखल त्या पत्र्याच्या पलीकडे जाऊन बसतो, ओलाच राहतो आणि फेंडरचा मागचा खालचा भाग, दाराचा पुढचा खांब आणि सिलचं पुढचं टोक आतून खात जातो. बाहेर रंगाला एक बारीक फोड दिसते तेव्हा आत बहुधा हाताचा पंजा जाईल एवढं भोक झालेलं असतं.

कापण्याआधी मोजा

पहिले दोन दिवस हत्याराला हात लावू नका. फक्त मोजा, फोटो काढा आणि लिहून ठेवा.

गाडी चाकांवर, सपाट फरशीवर उभी असताना दोन्ही दारांच्या भोवतालच्या फटी प्रत्येकी आठ-दहा ठिकाणी मोजा आणि कागदावर दाराचं चित्र काढून त्यावर आकडे लिहा. मग दार उघडून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. त्यासाठी दोन्ही बाजूंना सारख्याच खुणा निवडा, उदाहरणार्थ बिजागरीच्या वरच्या स्क्रूपासून मागच्या खांबाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत. डावी बाजू आणि उजवी बाजू यांच्यात फरक असेल तर कोणती बाजू वाकली आहे याचा पहिला अंदाज इथेच येतो.

नंतर एक साधी परीक्षा घ्या. दार बंद ठेवून, सिलला न टेकवता, पुढच्या बाजूने गाडी जॅकवर हळूहळू उचला आणि दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवा. फट डोळ्यांदेखत बदलत असेल किंवा दार उघडताना अडकत असेल, तर सिलमध्ये जीव उरलेला नाही. वर कितीही चमकदार रंग असो. गाडी विकत घेण्याआधीही ही परीक्षा घेता येते आणि घ्यावीच. काही गाड्यांना जुन्या सडक्या सिलवरून नवा पत्रा नुसता चढवलेला असतो, कधी स्टेनलेस स्टीलचं देखणं कव्हरही असतं. चुंबक आणि छोटी हातोडी घेऊन ठोकत जा. निरोगी पेटीचा आवाज टणक येतो, लांबी (पत्र्यावर थापायची पुट्टी) भरलेल्या जागेचा बद्द.

दाराच्या वरच्या कडेला, पुढच्या छोट्या तिकोनी काचेच्या मागच्या पायाशी, एक उभी चीर दिसते का तेही पाहा. एमजीबीच्या दारांचं हे ओळखीचं दुखणं आहे. अशी चीर नंतर लांबीने झाकली तर पुन्हा फुटते. तिच्या टोकाला बारीक भोक पाडून ती वेल्ड करावी लागते.

गाडीला टेकू कसा द्यायचा

माझी चूक इथे झाली होती, म्हणून इथे थोडा थांबतो.

गाडीचं वजन काम चालू असतानाही जिथे नेहमी पडतं तिथेच पडलं पाहिजे: मागे ॲक्सलखाली, पुढे सस्पेन्शनच्या आडव्या तुळईखाली. शिवाय मध्ये, फरशीखालच्या लांब रेलना, दोन्ही बाजूंनी टेकू द्या. हे मधले टेकू नुसते टेकलेले हवेत. त्यांनी गाडी वर ढकलली तर उलट्या दिशेने वाकवल्यासारखं होतं, आणि मग दाराची वरची फट गरजेपेक्षा रुंद होते.

चारही कोपरे एका पातळीत आहेत का हे पाहायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी उत्तम. दोन माणसं, दहा मीटर नळी, थोडं रंगीत पाणी. महागडं लेसर यंत्र मी मित्राकडून आणलं होतं, पण शेवटी विश्वास नळीवरच बसला.

इंजिन काढलेलं असेल तर लक्षात ठेवा की पुढचं वजन नाहीसं झालं आहे आणि शेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, थोडा वेगळा बसला आहे. शक्य असेल तर सिलचं काम इंजिन आत असतानाच करा. शक्य नसेल तर आधी घेतलेले फटींचे आकडे हाच तुमचा आधार. जॅकने गाडी त्या आकड्यांवर आणून मगच पुढे जा.

आता आतून आवळणी. चौरस लोखंडी नळी घेऊन दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एक आडवी आणि एक तिरपी वेल्ड करा, शिवाय डाव्या बाजूपासून उजवीकडे एक. बरेच लोक ही नळी बिजागरीच्या भोकांतच बोल्टने बसवतात. मजबूत होते, पण मग दार लावून पाहता येत नाही. आणि दार लावून पाहता आलं नाही तर सगळ्याच कामाला अर्थ उरत नाही. म्हणून नळ्या खांबांच्या आतल्या अंगाला, दार मोकळेपणी उघडेल-मिटेल अशा जागी लावा. आडव्या नळीत तारा ताणायचा दोन्हीकडे आट्यांचा स्क्रू बसवला तर चौकट मिलिमीटरभर उघडता किंवा आवळता येते.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढून बाहेर ठेवा. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या एमजीबीत सीटच्या मागे, फरशीखालच्या पेट्यांत, सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. एक काढून दुसरी विसरू नका. पेट्रोलची टाकी डिकीखाली आहे, तीही पूर्ण उतरवून गॅरेजच्या बाहेर न्या. गालिचे, फेल्ट, डांबराचे जुने थर खरवडून काढा. अग्निशामक हाताशी ठेवा आणि शेवटचा टाका मारल्यावर किमान अर्धा तास गॅरेज सोडू नका. आग बहुधा आपण चहा प्यायला गेल्यावर लागते.

पत्रे विकत घेताना

ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था जुन्या मूळ साच्यांवर पत्रे काढते. १९८८ मध्ये तर तिने एमजीबीचा अख्खा नवा शेल बाजारात आणला. मूळ साच्यातला पत्रा महाग असतो, पण तो जागेवर बसतो. नकलेचे स्वस्त पत्रेही मिळतात. सगळे वाईट नसतात, पण मी एका दुकानातून घेतलेल्या बाहेरच्या सिलची वरची कड दाराच्या तळाशी समांतर नव्हती, आणि ती सरळ करायला दोन शनिवार-रविवार गेले. पैसे मर्यादित असतील तर माझं मत असं: जिथे फट दिसते ते पत्रे मूळ साच्यातले घ्या, म्हणजे फेंडर आणि बाहेरचा सिल. आतला पडदा, फरशीचे तुकडे, कॅसल रेल नकलेचे चालतात.

वर्ष सांगूनच मागवा. १९७४ च्या अखेरीपासून या गाडीला क्रोमऐवजी काळे रबरी बंपर आले आणि पुढचे फेंडर बदलले. बॉनेट सुरुवातीच्या वर्षांत ॲल्युमिनियमचं होतं, पुढे लोखंडी झालं. चुंबक लावला की कळतं.

नवा पत्रा काळ्या रंगात येतो. तो रंग बहुतेक वेळा वाहतुकीत गंज लागू नये एवढ्यापुरताच असतो, त्यावर अंतिम प्रायमर मारू नका. आणि जुने पत्रे भंगारात देण्याची घाई नको. काम संपेपर्यंत ते तुमचे नमुने आहेत.

दार हीच मोजपट्टी

जुळणीचा क्रम मागून पुढे चालतो. मागचा फेंडर शेलला वेल्ड केलेला आहे, तो हलत नाही. म्हणून दार मागच्या फेंडरशी जुळवायचं, सिल दाराशी, पुढचा फेंडर दाराशी आणि सिलशी, बॉनेट दोन्ही फेंडरशी. पुढून मागे आलात तर सगळी चूक मागच्या फटीत गोळा होते आणि तिथे हलवायला काहीच नसतं.

दाराला हात लावण्याआधी बिजागऱ्या तपासा. दार अर्धं उघडून मागच्या कडेला धरून वर उचला. हातात खडखड जाणवली तर पिना झिजल्या आहेत. झिजलेल्या बिजागरीवर जुळवलेली फट सहा महिन्यांत बिघडते, म्हणून त्या आधी बदला. बिजागरीचे मोठे फुली-डोक्याचे स्क्रू पन्नास वर्षांत हटून बसलेले असतात. आदल्या रात्री गंजतेल सोडा, मग हातोडीने मारायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर वापरा. साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावत बसलात तर फुली गोल होईल आणि मग ड्रिलशिवाय इलाज नाही. खांबाच्या आत स्क्रू ज्या पट्टीत जातात ती पट्टी थोडी हलती असते. दार वर-खाली आणि पुढे-मागे होतं ते तिच्यामुळे.

पान्यांबद्दलही इथेच सांगतो. या गाडीचे आटे बहुतेक इंची मापाचे, यूएनएफ नावाच्या बारीक आट्यांच्या प्रकारचे आहेत. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो सैल असतो आणि जाम बोल्टचं डोकं खातो. इंची पान्यांचा एक संच घ्याच.

दार लावताना त्यात काच, काच उचलायची यंत्रणा, कुलूप हे सगळं असू द्या. रिकामं दार हलकं असतं. ते अगदी नेमकं जुळवलं आणि नंतर काच बसवली की मागचं टोक खाली येतं. नवा रबरी सीलही लावून पाहा. हा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. बाजारातले काही सील मूळ सीलपेक्षा जाड असतात आणि ते दार बाहेर ढकलतात. रंग झाल्यावर हे लक्षात आलं तर दारही हलवता येत नाही आणि सीलही दाबता येत नाही.

स्ट्रायकर, म्हणजे मागच्या खांबावरचा कुलपाचा भाग, सुरुवातीला काढून ठेवा. तो असला की दार बंद करताना उचललं किंवा ओढलं जातं आणि खोटी जुळणी दिसते. दार नुसतं बिजागरीवर तोललं जाऊन जागेवर आलं पाहिजे. स्ट्रायकर नंतर लावायचा, तोही दाराची जागा न बदलता फक्त ते धरून ठेवेल असा.

आता फट. चारही बाजूंनी सुमारे ४ मिलिमीटर, एकसारखी, हे मी ध्येय धरतो. कारखान्यातून निघालेल्या गाड्याही सगळीकडे इतक्या नेमक्या नव्हत्या. डोळ्याला फटीची रुंदी फारशी कळत नाही, तिचा निमुळतेपणा मात्र लगेच कळतो. वर ३ आणि खाली ६ असेल तर दुरूनही खटकतं, सगळीकडे ५ असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ४ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या पट्ट्या कापून ठेवा आणि त्या फटीत अडकवून दार धरा, स्क्रू मग आवळा. उघड्या पत्र्यावर अर्धा मिलिमीटर जास्त ठेवा, कारण प्रायमर आणि रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात.

सिल काढणं आणि बसवणं

एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचा सिल कितीही सडलेला असला तरी पहिली बाजू पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू नका.

बाहेरचा सिल पुढे फेंडरच्या खाली जातो आणि मागे मागच्या फेंडरच्या खालच्या टोकाआड जातो. म्हणून पुढचा फेंडर आधी उतरवावा लागतो आणि मागच्या फेंडरचा चाकापुढचा खालचा तुकडा कापावा लागतो. हा तुकडा कापायचा टाळून दिसतो तेवढाच सिल बदलणारे पुष्कळ आहेत. तसा सिल दोन्ही टोकांना लोंबता राहतो आणि पेटीचं काम करत नाही. तो तुकडा नवा मिळतो, पण कापताना हात आवरता ठेवा. वरची रेषा जेवढी खाली ठेवाल तेवढं रंगाखाली झाकायचं कमी.

जुने स्पॉट वेल्ड (कारखान्यात मारलेले गोल टाके) शोधायला रंग खरवडा, प्रत्येक गोल खुणेच्या मध्यभागी पंच मारा आणि ८ मिलिमीटरच्या स्पॉट वेल्ड ड्रिलने फक्त वरचा पत्रा कापा. मागचा पत्रा शाबूत राहिला पाहिजे, नवा त्यावरच बसणार आहे. मग पातळ छन्नीने सांधा उघडा. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांच्या काही सांध्यांवर कारखान्यातच शिसं भरलेलं असे. राखाडी, मऊ धातू दिसला तर त्यावर ग्राइंडर चालवू नका, ती धूळ विषारी आहे. गॅसच्या हलक्या ज्योतीने ते वितळवून खरवडा, मास्क लावून आणि दारं-खिडक्या उघडी ठेवून.

बाहेरचा सिल निघाला की आतल्या पडद्याची खरी अवस्था दिसते. आतून बाहेर असं चला: फरशीची कड, आतला सिल, कॅसल रेल, पडदा, आणि सगळ्यात शेवटी बाहेरचा सिल. प्रत्येक थर बसवल्यावर दार लावून, बंद करून पाहा. कंटाळा येतो. माझ्या दुसऱ्या खेपेत उजवं दार मी चाळीसहून जास्त वेळा काढलं-लावलं, आणि ते दार आज बोटाने लागतं.

नवा सिल आधी चिमट्यांनी धरा. वरची कड दाराच्या तळाशी समांतर आणि दाराच्या पत्र्याशी एका पातळीत आली की छोट्या पत्रा-स्क्रूंनी जागोजागी पक्का करा. स्क्रूचा फायदा असा की काढून पुन्हा त्याच जागी अचूक बसवता येतं आणि भोकं नंतर वेल्डने भरता येतात. आता पुढचा फेंडरही चार बोल्टांवर लटकवा. बॉनेट ठेवा. गाडी पूर्ण दिसते तशी करा, दहा पावलं मागे जा आणि गुडघ्यावर बसून बाजूने पाहा. बारीक चुका उभ्याने दिसत नाहीत.

समाधान झालं की सगळं उतरवा. नव्या पत्र्याच्या कडेला साधारण दर ३० मिलिमीटरवर ६ मिलिमीटरची भोकं पाडा, सांध्याच्या दोन्ही अंगांना वेल्डमधून चालणारा जस्ताचा प्रायमर लावा, पण भोकाच्या मध्ये पत्रा चकचकीत उघडा ठेवा. मिग वेल्डिंगला (तार आपोआप पुढे सरकत राहते ते विजेचं वेल्डिंग) ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण या पातळ पत्र्याला योग्य. भोकाच्या तळाशी, मागच्या पत्र्यावर ज्योत सुरू करा आणि गोल फिरवत वर भरत या. आधी टाकाऊ पत्र्याचे दोन तुकडे जोडून ते छन्नीने फाडून पाहा. टाका सुटून आला तर उष्णता कमी पडते आहे. भोवतालचा पत्रा फाटून टाका शाबूत राहिला तरच गाडीला हात लावा.

टाके एका ओळीत मारत जाऊ नका. एक पुढे, एक मागे, एक मध्ये, मग थांबा. पत्र्यावर हात ठेवता येईपर्यंत थांबा. दर सहा-सात टाक्यांनंतर दार लावून फट पाहा. जस्ताचा धूर छातीत जाऊ देऊ नका, त्याने रात्री ताप भरतो.

फेंडर आणि बॉनेट

सिल पक्का झाल्यावर बाकीचं काम सोपं वाटतं, कारण पुढचा फेंडर पूर्णपणे बोल्टवर आहे. बॉनेटच्या बाजूची वरची कड, पुढचा भाग, दाराकडची उभी कड आणि खाली सिलचा कान. सगळे बोल्ट हाताने दोन-दोन आटे बसवा, एकही आवळू नका. दाराच्या फटीत पट्ट्या घाला, फेंडर त्यांच्यावर ढकलून आधी दाराकडची उभी कड आवळा, मग खालची, मग वरची मागून पुढे. बोल्टांची भोकं लांबट करायची वेळ आली तर करा, पण मिलिमीटर-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त लागत असेल तर चूक मागे कुठेतरी आहे. फेंडर आणि आतल्या पत्र्यामध्ये सीलंटचा पट्टा अंतिम बसवणीच्या वेळीच लावायचा.

पातळी तळहाताने पाहा. पातळ सुती हातमोजा घालून फेंडरवरून दारावर हात सरकवला की केसाएवढा उंबरठाही जाणवतो. दाराची पुढची कड फेंडरच्या पातळीत किंवा किंचित आत असावी, बाहेर नको, नाहीतर वारा तिथे अडून शिट्टी वाजते.

बॉनेटच्या बिजागऱ्या मागे, काचेच्या बाजूला आहेत. ते दोघांनी मिळून उचला आणि पहिल्यांदा बंद करताना जोर देऊ नका, अगदी हळू खाली आणून कुठे टेकतं ते पाहा. ॲल्युमिनियमचं असेल तर कोपरा टेकला की घडी पडते आणि ती घडी पूर्ण जात नाही. मागचे कोपरे उचललेले दिसले तर बिजागरीखालचे वायसर कमी-जास्त करा, पुढची उंची रबरी ठोकळ्यांनी आणि कुलपाच्या खुंटीने ठरते. डिकीचं झाकणही याच रीतीने.

फट तरीही चुकली तर

जिथे फट मोठी राहते तिथे लांबी भरून कड वाढवू नका. दारांच्या कडांवर रोज धक्के बसतात, लांबी तिथून टवके उडून निघते. कडेवर १.६ मिलिमीटरची तार ठेवून थोडी थोडी वेल्ड करा आणि कानसाने आकार द्या. फट कमी असेल तर ग्राइंडरने कड कापायचा मोह होतो, पण दाराची कड ही दुमडलेला पत्रा असते. कापली की घडी उघडी पडते आणि दाराची कातडी सुटते. तिथे लाकडी ठोकळा आड धरून हातोडीने घडी हलकेच आत बसवायची. अर्धा-एक मिलिमीटर सहज मिळतो.

मोठ्या सपाट भागावर लांबीचा एक पातळ थर चालतो, आणि तो प्रत्येक चांगल्या गाडीवर असतो. पण तो पत्रा ठोकून सरळ केल्यावरची शेवटची सफाई असावा.

आतून

वेल्डिंगच्या उष्णतेने सिलच्या आतला प्रायमर जळलेला असतो, आणि पेटी बंद झाल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. म्हणून रंगकाम पूर्ण झाल्यावर लांब लवचिक नळीने आत कॅव्हिटी मेण (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारा, खालच्या भोकांतून ते ठिबकेपर्यंत. सांध्यांवर सीलंट लावताना मात्र ही पाणी जायची भोकं बुजवू नका. चाकामागच्या आडव्या पत्र्याची रबरी पट्टी नवी घाला. या सगळ्या कामाचं मूळ ती कुजलेली पट्टीच होती.

इंग्लंडमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीची (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का ते पाहणाऱ्या सरकारी तपासणीची) सक्ती उरलेली नाही. तरीही मी माझी गाडी स्वतःहून नेली. अनोळखी माणसाने टॉर्च घेऊन माझे टाके खालून पाहावेत, हातोडीने ठोकून पाहावेत, असं मला वाटत होतं.

रंगाऱ्याकडून गाडी परत आली की दारं पुन्हा लावायची असतात. सुटी करण्याआधी बिजागऱ्यांच्या भोवती पत्र्यावर बारीक खुणा ओरखडून ठेवल्या असतील तर त्या रंगाखालीही पुसट दिसतात. कडांना कागदी चिकटपट्टीचे तीन थर लावा, कोणाला तरी दार धरायला बोलवा, आणि प्लायवुडच्या त्याच पट्ट्या घ्या. यावेळी मात्र त्यांना कापड गुंडाळा.